आमचं येणं, त्यांचं उत्पन्न

गेल्या आठवड्यात इंदूरमधल्या सुदामानगरच्या एका बचत गटातल्या दोघी माझ्याकडे येऊन गेल्या. एका स्टार्टअपने त्यांच्या गटाला ‘महिला सक्षमीकरण मंचा’वर बोलावलं आहे. शिकवणी मोफत, मालाला बाजारपेठ, आणि विक्रीचा मोबदला कंपनीच्या स्वतःच्या डिजिटल नाण्यात. सही करायची की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी चहा ठेवला आणि आमच्या गटाची वही काढली. नुसतं ‘करू नका’ म्हणून भागलं नसतं, कारण आमच्या गटातल्या बायका काही भोळ्या नव्हत्या आणि तरीही आम्ही सही केली होती.

आमचा गट रामबागेतला, १७ जणींचा. दरमहा प्रत्येकीचे २०० रुपये, पहिल्या रविवारी बैठक, नडलेलीला महिना शेकडा एक रुपया व्याजाने कर्ज. उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि मसाले, दिवाळीला फराळ. मी आर. एन. टी. मार्गावर एका सी.ए.च्या ऑफिसात टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या कराची, रिटर्न भरते, म्हणून हिशोबाची वही पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

सप्टेंबर २०२३, गणपतीचे दिवस. मंडळाच्या हळदीकुंकवाला दोन मुलं आली, तिशीच्या आतली, बोलायला अगदी नम्र. विजयनगरला त्यांचं ऑफिस होतं. एकाने लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर नऊवारी नेसलेल्या बाईच्या हातात चमकणारं नाणं दिसलं. मंचावर बायकांनी आर्थिक साक्षरतेचे धडे घ्यायचे, आपला माल विकायचा, एकमेकींकडून घ्यायचा. गिऱ्हाईक रुपयात पैसे देणार, आपल्याला कंपनीची नाणी मिळणार, एक नाणं म्हणजे एक रुपया. हवं तेव्हा काढून घ्यायचे, आणि ठेवलीत तर भाव वाढणार.

मला त्यातलं बरंचसं ओळखीचं होतं. पण आमच्यातली एक वहिनी पुढे सरकून बसली आणि तिने विचारलं, “म्हणजे पैसे माझ्या मोबाइलमध्येच राहतील? घरात कुणाला दिसणार नाहीत?”

त्या प्रश्नावर सगळ्या गप्प झाल्या, कारण तिचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मध्य प्रदेश सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे जून २०२३ पासून तिच्या नावावर यायला लागले, आधी १०००, मग १२५०, पण बँकेचा मेसेज ज्या मोबाइलवर जातो तोही त्याचाच. १२ वर्षं ती चकल्या पाडते आहे आणि स्वतःच्या कमाईतून बांगड्या घ्यायच्या तरी तिला सांगावं लागतं. आम्ही त्या मंचावर गेलो त्याला तिचा हा प्रश्न कारण आहे. नाण्याचा भाव वाढेल याचं आम्हाला फारसं आकर्षण नव्हतं. आपल्या कमाईवर आपलाच हात असावा, ही भूक खरी होती, आणि त्या मुलांनी ती आमच्याही आधी ओळखली होती.

नोंदणी प्रत्येकी २९९ रुपये, आणि ‘प्रशिक्षण किट’ ९९९. शिकवणी मोफत आणि किट विकत, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण त्यांनी मला समन्वयक नेमलं, महिना ६००० मानधन, निम्मं रुपयात आणि निम्मं नाण्यात. मी हो म्हटलं. दुसरं कुणी समन्वयक झालं असतं तर आतले कागद मला दिसले नसते, असं मी पुढे मनाची समजूत घालायला म्हणायचे. त्या वेळचं खरं कारण एवढंच की मला ते काम आवडलं होतं. बायकांना मोबाइलवर पावती करायला शिकवणं, आपल्या मालाचा भाव आपण कसा काढायचा हे समजावणं, हे मी आजही आनंदाने करीन.

पहिला महिना नोंदणीत गेला. आधार सगळ्यांकडे होतं, पॅन तिघींकडे नव्हतं. आमच्या मालूकाकूंनी (हे नाव मी बदललं आहे) तर हौसेने आपल्या नणंदेच्या गटातल्या ९ जणी आणल्या. आणलेल्या प्रत्येक बाईमागे त्यांना ५० नाणी मिळाली. मोबाइलवर हिरव्या चौकोनात ४५० हा आकडा दिसला तेव्हा काकूंनी तो आम्हाला फिरवून फिरवून दाखवला. ६४ व्या वर्षी त्यांच्या नावावर पहिल्यांदा काहीतरी जमा झालं होतं.

मग सर्वपित्रीच्या आसपासची एक बैठक. एका मावशींनी त्या मुलाला सरळ विचारलं, “हा सरकारचाच डिजिटल रुपया ना, इंदूरलाही आलाय म्हणतात तो?”

तो हसून म्हणाला, “दीदी, वैसा ही समझो.”

मी तिथल्या तिथे उठून सांगितलं की तसं समजायचं नाही. रिझर्व्ह बँकेने सामान्य लोकांसाठी ई-रुपयाचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला सुरू केला, मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वरमध्ये, आणि पुढच्या शहरांच्या यादीत इंदूरचं नाव होतं. मावशींनी ऐकलं होतं ते बरोबरच होतं. पण तो ई-रुपया म्हणजे नोटेचंच दुसरं रूप आहे. नोटेवर गव्हर्नरची सही असते आणि धारकाला रुपये अदा करण्याचं वचन असतं, म्हणजे ती नोट रिझर्व्ह बँकेचं देणं आहे. ई-रुपयाचंही तसंच. या मुलांच्या नाण्यामागे असं देणं कुणी लिहून दिलं आहे का, हे मी त्या रात्री त्यांच्या अॅपमधले नियम उघडून शोधलं. नियम इंग्रजीत होते आणि बारीक टायपात होते. नाणी परत घेऊन रुपये देण्याचं बंधन कंपनीवर नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे विचारलं तर उत्तर आलं की हे नाणं नाहीच, हे ‘रिवॉर्ड पॉइंट’ आहेत. इथे माझ्या रोजच्या कामाचा उपयोग झाला. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोसारख्या डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून तिच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस. एखाद्या कंपनीने वर्षाला १०,००० रुपयांच्या वर मोबदला दिला की टीडीएस कापावाच लागतो. रिवॉर्ड पॉइंटना यातून सूट आहे खरी, पण ती थेट पैसे न घेता बक्षीस म्हणून दिलेल्या पॉइंटना. आमच्या मालाचे पैसे घेऊन त्याबदल्यात दिलेली, पुन्हा रुपयात विकता येणारी गोष्ट बक्षीस कशी होईल? गुंतवणूकदारांच्या कागदावर ‘कॉइन’, बायकांच्या बैठकीत ‘डिजिटल रुपयासारखं’ आणि हिशोब विचारणाऱ्यापुढे ‘पॉइंट’. एकाच वस्तूला तीन नावं बघितल्यावर मी गटाची रोकड त्यात घालायला ठाम नकार दिला. माल मात्र घालून बसलो होतो. दिवाळीची ऑर्डर आधीच घेतलेली होती.

त्या ऑर्डरचा हिशोब मी सुदामानगरच्या दोघींना वहीतूनच दाखवला. चिवडा ४० किलो, ३२० च्या भावाने १२,८००. चकली ३० किलो, ४८० ने १४,४००. बेसनाचे लाडू २५ किलो, ५६० ने १४,०००. अनारसे फक्त ८ किलो, ७०० ने ५,६००. एकूण ४६,८००. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि ९ तारखेच्या पहाटेपर्यंत आमच्या घरी दोन शेगड्या चालू होत्या. अनारशाचं पीठ ऐनवेळी सैल झालं म्हणून सासूबाईंनी रात्री अकराला नवीन तांदूळ कांडून घेतले. माल उत्तम झाला आणि एकही तक्रार आली नाही.

कंपनीने ५ टक्के कमिशन कापून ४४,४६० नाणी जमा दाखवली. सियागंजातल्या ज्या व्यापाऱ्याकडून डाळ, तूप, साखर, तेल उचललं होतं त्याचे २७,००० द्यायचे होते, दिवाळीनंतर १५ दिवसांत. तो व्यापारी नाणं घेत नाही. कुठलाच घेत नाही. म्हणून काढायला गेलो, तर कळलं की तूर्त ४० टक्केच काढता येतील, बाकीचे ९० दिवसांनी. १७,७८४ मधून काढणावळ ३ टक्के, ५३३ रुपये ५२ पैसे. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९६ रुपये ३ पैसे. टीडीएस १७७ रुपये ८४ पैसे. हातात आले १६,९७६ रुपये ६१ पैसे. व्यापाऱ्याला कमी पडलेले १०,०२३ रुपये आम्ही गटाच्या बचतीतून दिले. ती रक्कम म्हणजे १७ जणींचे जवळपास तीन महिन्यांचे पैसे.

त्या दिवशी वहिनी काही बोलली नाही. तिने माझ्या वहीत तो ६१ पैशांचा आकडा वाचला आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली. सोऱ्या दाबून तिच्या उजव्या तळहाताला फोड आला होता.

डिसेंबरच्या शेवटी समन्वयकांची बैठक विजयनगरच्या ऑफिसात झाली. जानेवारीपासून नव्या शहरांत जायचं होतं म्हणून कंपनीने उत्पन्नाचं अंदाजपत्रक पडद्यावर लावलं. आम्ही आठ जणी होतो. आम्हाला ते दाखवताना त्यांना संकोच वाटला नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. आणि खरं सांगायचं तर मला ती मुलं लबाड वाटली नाहीत. त्यांना ऑफिसचं भाडं होतं, पगार होते, पैसे लावणारे विचारत होते की कमाई कुठून येणार. नाण्याला स्वतःची कमाई नसते, म्हणून ती बायकांच्या मंचातून आणायची असं ठरलं होतं.

पहिल्या ओळीत नोंदणी, दुसऱ्या ओळीत किट, तिसऱ्या ओळीत विक्रीवरचं कमिशन, चौथ्यात काढणावळ. इथपर्यंत महाग असलं तरी समजण्यासारखं होतं. पाचवी ओळ सगळ्यांत मोठी होती. तिच्यापुढे लिहिलं होतं: न काढलेली नाणी.

मी दोनदा वाचलं. गिऱ्हाइकाने रुपये कंपनीला दिले, कंपनीने आम्हाला नाणी दिली. ती नाणी आम्ही काढलेली नाहीत, म्हणजे ते रुपये कंपनीकडे आमचे पडून आहेत. आमचं येणं, कंपनीचं देणं. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा पोरसुद्धा ते देण्याच्या बाजूला लिहील. त्यांनी ते उत्पन्नात धरलं होतं. याचा अर्थ बायकांनी पैसे न काढणं हाच धंद्याचा सगळ्यांत मोठा आधार. ९० दिवसांची अट, काढणावळ, ‘ठेवलीत तर वाढेल’ हे धडे, सगळं त्या पाचव्या ओळीकडे जाणारं होतं.

आणि तिच्याखाली कामाचं वेळापत्रक. ‘१० ते १५ तारीख : वॉलेट भरणा मोहीम.’ मध्य प्रदेशात कुठल्याही बाईला विचारा, त्या वेळी १० तारखेच्या सुमारास काय यायचं.

मी विचारलं, “ही तारीख लाडली बहनाच्या हप्त्यावरून घेतली आहे का?” हो, असं उत्तर मिळालं, सहज. त्या वेळी बायकांच्या हातात पैसा असतो ना. मग पाचव्या ओळीबद्दल विचारलं. “ते आमचं देणं नाही का?” त्यावर त्यांच्यातला एक म्हणाला की व्यवहारात सगळ्याजणी कधीच एकदम काढत नाहीत, आणि महिला गट एकमेकींच्या शब्दावर टिकून राहतात, हीच आपली ताकद आहे.

पुढच्या मोहिमेला अहिल्याबाईंचं नाव द्यायचं, असंही त्याच बैठकीत ठरत होतं. घरी आल्यावर मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या काही न बोलता देवघरात गेल्या आणि ताम्हनातला चांदीचा रुपया आणून माझ्या हातावर ठेवला. होळकरांच्या टांकसाळीतला, शिवलिंग आणि बेलाचं पान असलेला, त्यांच्या आजेसासूबाईंकडून आलेला. पान झिजलं आहे पण बोटाला लागतं. “हा सराफ्यात नेला तर आजही याचं वजन होतं,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या रात्री मी समन्वयकपद सोडल्याचं पत्र लिहिलं.

सोडण्याची प्रक्रिया सोपी नव्हती. जानेवारीच्या पहिल्या रविवारी गटात सगळं मांडलं. १५ जणी लगेच बाहेर पडायला तयार झाल्या, दोघी नाहीत. त्यातल्या एक मालूकाकू. त्यांना नाण्याचा लोभ नव्हता. “त्या नऊ जणी माझ्या शब्दावर आल्यात गं, त्यांना आता काय तोंड दाखवू?” असं म्हणून त्या रडायला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी एकेकीच्या घरी गेलो. काकू दारातच सांगायच्या, मी सांगितलं ते चुकलं, पैसे काढायला लागा. नऊ घरं, चार संध्याकाळी. एका घरी पाणीसुद्धा विचारलं नाही. काकूंनी स्वतःची ४५० नाणी त्या नऊ जणींत वाटून टाकली, आणि मला मिळालेले मानधनाचे ९,००० रुपये मी गटाच्या बचतीत भरले. सियागंजचा खड्डा त्यातूनच बराचसा भरला.

मग कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र. त्यात मी तीनच गोष्टी मागितल्या: आमच्या नाण्यांचे एकास एक रुपये, किटचे पैसे, आणि संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे केलेल्या नोंदणीचा पुरावा. डिजिटल मालमत्तेचा व्यवहार चालवणाऱ्यांना ७ मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि ही नोंदणी करावी लागते. डिसेंबरच्या २८ तारखेला परदेशातल्या नऊ मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजना याच कारणासाठी नोटिसा गेल्याची बातमी होती, म्हणून हा मुद्दा माझ्या डोक्यात ताजा होता. उत्तरादाखल त्यांनी कंपनी स्थापनेचं प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक आणि स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यतेचा कागद पाठवला. हे तिन्ही कागद खरे होते. त्यातला एकही लोकांचे पैसे सांभाळायची परवानगी देत नाही. बैठकीत याच कागदांवरची राजमुद्रा बघून आम्ही निर्धास्त झालो होतो, हे मला त्या दिवशी फार लागलं.

फेब्रुवारीत ९० दिवस पूर्ण झाले तेव्हा उरलेल्या २६,६७६ नाण्यांचा भाव अॅपवर ६२ पैसे दाखवत होता. तोपर्यंत वर जाणारी हिरवी रेघ कोण काढत होतं तेही कळलं, कारण भाव ठरवणारा बाजार असा नव्हताच, आकडा कंपनीच घालायची. त्या भावाने घेतलं असतं तर १०,००० च्या वर तोटा, आणि डिजिटल मालमत्तेतला तोटा दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा होत नाही. फराळाचा नफा कागदावर पूर्ण दिसला असता आणि हातात आलाच नसता. त्याच आठवड्यात मी गटाच्या पॅनवर २६एएस, म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारं आयकर खात्याचं विवरण, उघडून बघितलं. नोव्हेंबरात आमचा कापलेला १७७ रुपये ८४ पैशांचा टीडीएस तिथे नव्हता. रक्कम छोटी होती, पण कापलेला कर सरकारजमा न करणं म्हणजे काय हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं आहे. २६एएसची प्रत जोडून दुसरं पत्र पाठवलं आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवली.

दुसऱ्या पत्राने हालचाल झाली. मार्चमध्ये १२,०००, एप्रिलमध्ये ९,०००, दोन्ही एकास एक भावाने. टीडीएस मे महिन्यात २६एएसमध्ये दिसला. किटचे पैसे आले नाहीत. नणंदेच्या गटातल्या नऊपैकी सात जणींचे पैसे निघाले.

सुदामानगरच्या दोघींनी मग विचारलं की त्यांनी काय विचारावं. मी म्हटलं, कंपनीला उत्पन्नाचा कागद मागा आणि न काढलेले पैसे कुठल्या बाजूला लिहिलेत ते बघा. आणि तुमचा किराणेवाला ते नाणं घेईल का, हे त्यालाच जाऊन विचारा.

आमच्या वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आम्ही शोधत राहिलो, कारण तो प्रश्न त्या मुलांच्या जाण्याने संपला नव्हता. एप्रिलमध्ये मी तिच्याबरोबर पोस्टात गेले. तिच्या एकटीच्या नावाचं बचत खातं उघडलं, ५०० रुपये भरून. मोबाइल नंबर तिच्या मुलीचा दिला, मुलगी तेव्हा बारावीत होती. पासबुक आमच्या गटाच्या लोखंडी पेटीत ठेवायचं तिने ठरवलं, आणि पहिल्या रविवारी ती ते उघडून बघते.

त्याच पेटीत वही असते. येणे, डिजिटल नाणी, ५,६७६. ३१ मार्चला पान बंद करताना मी ती रक्कम पुढच्या वर्षात ओढते. मालूकाकू दर वेळी म्हणतात, सोडून दे आता. मी सोडत नाही. ते चाळीस किलो चिवड्याचे आणि तीस किलो चकल्यांचे पैसे आहेत, आणि ज्यांचे ते आहेत त्या सतरा जणींची नावं त्याच पानावर लिहिलेली आहेत.